दृश्य कूटलेखन: चित्र उमटत नाही की गुपित फुटतंय? या चुका टाळा

मोनी नाओर आणि अदी शमीर या संगणकशास्त्रज्ञांनी १९९४ साली मांडलेली ही पद्धत मला आजही थक्क करते. गुप्त चित्राचे दोन वाटे, म्हणजे 'शेअर', बनवायचे, दोन्ही नुसत्या ठिपक्यांचे. सुट्या शेअरमधून काहीच कळत नाही, कितीही ताकदीचा संगणक लावा. एकावर एक ठेवले की अक्षरं डोळ्यांनीच वाचता येतात.

अक्षरं उमटतच नसतील तर आधी प्रिंटर तपासा. 'फिट टू पेज' चालू असेल तर ठिपक्यांचं माप बदलतं आणि कधीकधी ते विस्कटतातही. स्केल १०० टक्के ठेवा, दोन्ही शेअर पारदर्शक ओएचपी शीटवर, एकाच प्रिंटरवर काढा, ठिपके जरा मोठे घ्या. फाइल पीएनजीच हवी, जेपीईजीत ठिपक्यांच्या कडा फिसकटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पार्श्वभूमी करडी दिसते, हा मात्र दोष नाही. पांढऱ्या जागेतले निम्मे ठिपके काळेच राहतात. म्हणून बारीक फॉन्ट टाळून जाड, ठसठशीत अक्षरं घ्या.

खरा घात होतो तो जुना शेअर पुन्हा वापरल्याने. समजा, पहिला शेअर तोच ठेवून तुम्ही दोन वेगवेगळ्या गुपितांसाठी दोन नवे शेअर बनवले. ते दोन्ही कुणाच्या हाती लागले, तर त्याला तुमच्या पहिल्या शेअरची गरजच उरत नाही. दोन्ही एकावर एक ठेवले की जिथे गुपितं सारखी तिथे करडं, जिथे वेगळी तिथे गच्च काळं, आणि दोन्ही मजकुरांच्या आकृत्या एकमेकांत मिसळून समोर येतात. दर गुपिताला नवा शेअर, यात तडजोड नको.

ठिपक्यांची निवडही दर पिक्सेलला नव्याने, खरोखर यादृच्छिक हवी. शेअर बनवायला पायथॉन ही प्रोग्रॅमिंग भाषा वापरत असाल, तर तिचं 'रँडम' मॉड्यूल इथे चालत नाही. त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे मिळाले की पुढचे सगळे काढता येतात. त्याऐवजी पायथॉनचंच 'सीक्रेट्स' मॉड्यूल वापरा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गुपित आधीच माहीत असलेला भागीदार स्वतःच्या शेअरवरून समोरच्याचा शेअर ताडू शकतो आणि मग हवा तो खोटा मजकूर उमटेल असा बनावट शेअर पुढे करू शकतो. यावर उपाय म्हणजे शेअर वाटतानाच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा जणू बोटाचा ठसा) दोघांनाही देऊन ठेवायचा आणि जुळवण्याआधी तो पडताळायचा.