घरच्या डान्स मॅटवरून आर्केडच्या मशीनवर जाताय? या चुका टाळा

कोथरूडमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, दिवाण आणि टीव्ही यांच्यामधल्या जागेत माझी डान्स मॅट अंथरलेली असते. पडद्यावर गाण्याच्या तालात बाण येतात आणि मॅटवरच्या त्याच बाणावर पाऊल टाकायचं, असा हा खेळ; बरेच बाण चुकले की गाणं मध्येच बंद पडतं. सगळ्यात खाली योगा मॅट, तिच्यावर प्लायवूड आणि त्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने डकवलेली ती मऊ मॅट. तिच्यावर दोन वर्षं रोज रात्री अर्धा तास खेळल्यावर एका शनिवारी मी विमाननगरच्या बाजूला मॉलच्या गेम झोनमध्ये खऱ्या मशीनवर चढले. घरी सहज पूर्ण होणारं गाणं तिथे अर्ध्यावर बंद पडलं. दुसरं निवडलं, तेही बंद पडलं.

परतताना रामवाडीहून वनाजच्या मेट्रोत बसले तेव्हा एकेक धागा जुळत गेला. मॅटवर मी गाणी शिकले होते आणि त्यांच्यासोबत मॅटचे दोषही शिकले होते. मॅट सरकते म्हणून पावलं आखडती, खालच्या घरात लहान मूल झोपलेलं म्हणून दाब हलका, टीव्ही चित्र उशिरा दाखवतो म्हणून पाऊल थोडं आधी. हे सगळं अंगात मुरलेलं होतं. त्यानंतर वर्षभर जमेल तसे मशीनवर जाऊन मी यातली एकेक सवय मोडली. ज्यांना पुढे मशीनवर जायचंय त्यांचे पहिले तीन-चार फेरे वाया जाऊ नयेत, असं मला फार वाटतं.

चार बाण की पाच, हे न पाहताच कार्ड स्वाइप करणं

घरच्या बहुतेक मॅटवर आणि स्टेपमॅनियासारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये आपण चार बाणांचा खेळ खेळतो: डावा, खालचा, वरचा, उजवा. ही कोनामी कंपनीच्या 1998 मधल्या डान्स डान्स रिव्होल्यूशनची रचना. कोरियाच्या अँडामिरो कंपनीने 1999 मध्ये आणलेल्या पंप इट अपमध्ये मात्र चार कोपऱ्यांत चार बाण आणि पाचवं पॅनेल, म्हणजे पाय टाकायचा चौकोन, मधोमध असतं. वरचे दोन बाण लाल, खालचे दोन निळे, मधलं पिवळं. नुसती बाणांची जागाच बदलते असं नाही. मॅटवर जिथे आपण उभं राहून श्वास घेतो, ती मधली जागाच इथे खेळात असते.

म्हणून आधी मशीनच्या बाजूला दोन मिनिटं उभं राहून खेळणाऱ्याची पावलं पाहा. पंपवर गाण्यांच्या यादीत पुढे-मागे जायला खालचे निळे बाण, निवडायला मधलं पॅनेल आणि मागे परतायला वरचे लाल. निवडीला वेळेची मर्यादा असते आणि आकडे उलटे पळायला लागले की गडबडून भलतंच गाणं लागतं. कोणती दोन-तीन गाणी खेळायची हे घरूनच ठरवून निघा. आणि ज्या मशीनला पॅनेलच नाहीत, सपाट उजळती फरशी आहे (कोनामीचंच 2018 चं डान्सरश स्टारडम असं आहे), तिथे आपली मॅटवरची तयारी फारशी कामाला येत नाही. तो वेगळाच नाच आहे.

दाब: एकतर आदळणं, नाहीतर नुसतं शिवणं

मऊ मॅटमध्ये दोन पातळ थर एकमेकांना टेकले की बाण लागतो, म्हणजे पाऊल नोंदलं जातं. मॅट नवी असेपर्यंत बोट टेकवलं तरी पुरतं. जुनी झाली की एखादा बाण ऐकेनासा होतो आणि आपण तिथे टाच आपटायला लागतो. मशीनचं पॅनेल कडक असतं, साधारण 28 सेंटिमीटर लांब-रुंद, आणि दाब ओळखणारे सेन्सर त्याच्या कडांखाली असतात. पाऊल मध्यावर पडो की कडेला, वजन पोचलं की काम झालं. आपटल्याने गुण वाढत नाहीत. गुडघे दुखतात आणि पुढच्या पावलाला उशीर होतो.

माझी अडचण नेमकी उलटी होती. रात्री दहानंतर आवाज होऊ नये म्हणून मी मांजरीसारखी खेळायचे आणि मशीनवर माझे निम्मे बाण लागतच नव्हते. सोसायटीत राहणाऱ्या, रात्री खेळणाऱ्या बहुतेकांचं हेच होत असणार. उपाय असा: पहिलं गाणं अगदी सोपं घ्या आणि प्रत्येक पावलाला चवड्यावर पूर्ण वजन जाऊ द्या. पाऊल उचलायचं कमी, वजन टाकायचं पूर्ण. घोटा सैल ठेवा. दोन गाण्यांत अंदाज येतो.

पाऊल पॅनेलच्या मध्यावर नेण्याचा अट्टहासही सोडा. पॅनेलची आतली कड, म्हणजे मधल्या जागेला लागून असलेली, तिच्यावर चवडा पडला की पुरे. प्रत्येक पावलामागे वाचलेले दहा-बारा सेंटिमीटर वेगवान गाण्यात फार मोठे ठरतात. मॅटवर खाली पाहायची सवय असेल तर तीही इथे मोडता येते, कारण पॅनेलभोवतीच्या धातूच्या पट्ट्या पायाला जाणवतात. आपण कुठे आहोत हे तळव्याला कळतं आणि नजर पडद्यावर राहते.

पायात काय घालायचं

घरी आपण अनवाणी. गेम झोनमध्ये बूट किंवा निदान मोजे लागतात, आणि नुसत्या मोज्यांवर ॲक्रिलिकचं पॅनेल बर्फासारखं घसरतं. पळण्याचे जाड, फुगीर तळाचे बूटही नकोत. त्यांत पॅनेलची कड जाणवत नाही आणि बाहेर आलेली टाच धातूच्या पट्टीला अडकते. पातळ, सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट सगळ्यांत बरे. घरीही आठवडाभर तेच घालून खेळा, फक्त ते बाहेर वापरलेले नसावेत, नाहीतर वाळूच्या कणांनी मॅट फाटते. पुण्यात जून ते सप्टेंबर हे बूट पिशवीत घेऊन जायचे आणि तिथे पोचल्यावर बदलायचे. ओल्या तळव्याने मशीनवर चढलात तर आपण पडतोच, शिवाय मागून येणाऱ्यालाही पाडतो.

मधल्या जागेवर परतणं, आणि एकाच पायाने दोनदा

सगळ्यांत खोल रुजलेली चूक हीच. मॅटवर नवशिके प्रत्येक बाणानंतर पाऊल परत मध्ये आणतात. सोप्या गाण्यांत ते खपतं. वेग वाढला की प्रत्येक बाणासाठी दोन हालचाली कराव्या लागतात आणि दम संपतो. पाऊल पडलं तिथेच राहू द्या. रिकाम्या पॅनेलवर उभं राहिल्याने गुण जात नाहीत. पुढचा बाण दुसऱ्या पायाने घ्या.

दुसऱ्या पायाने घ्या, हे म्हणायला सोपं आहे. डावा, खालचा, उजवा असे तीन बाण ओळीने आले की पाय आलटूनपालटून टाकताना तिसऱ्या बाणाला डावा पाय उजवीकडे न्यावा लागतो आणि अंग वळतं. मऊ मॅटवर असं वळलं की मॅट गोळा होते. म्हणून आपण न कळत पळवाट शोधतो: उजव्याच पायाने खालचा आणि उजव्याच पायाने उजवा. मशीन सरकत नाही, पळवाटेची गरज संपलेली असते, पण पाय ती सोडत नाहीत. अशी ओळ आली की कंबर वळू द्या, खांदे पडद्याकडे राहिले तरी चालतील. मी घरी मॅट गुंडाळून ठेवली, फरशीवर खडूने चौकोन आखले आणि संगीताशिवाय हे वळण रोज शंभरदा केलं. तीन आठवडे लागले.

कथक शिकलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. रोहिणीताई भाटे यांनी 1947 मध्ये नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून पुण्यात कथक घराघरांत पोचलं, त्यामुळे मशीनवर ततकार (कथकमधला पदाघातांचा सराव) केलेले पाय पुष्कळ येतात. ताल त्यांचा पक्का असतो, पण दोन गोष्टी आड येतात. एक, कथकचा पाय पूर्ण तळव्याने पडतो, इथे चवडा हवा. दोन, ‘ता थेई थेई तत्’ संपून ‘आ थेई थेई तत्’ सुरू होताना डावा पाय लागोपाठ दोनदा पडतो. तिथे तो सौंदर्याचा भाग आहे, इथे मात्र त्याने पुढची सगळी ओळ उलटी पडते. माझ्या मामेबहिणीला हे एकदा सांगितलं आणि त्याच दुपारी तिचं खेळणं सुधारलं.

मागचा दांडा

मशीनवर खेळणाऱ्याच्या मागे धरायला दांडा असतो. घरी तो नसतो, म्हणून आपल्यापैकी काही जण मशीनवरही तो धरत नाहीत, धरणं म्हणजे फसवणूक असं मानतात. मला ते पटत नाही. अवघड गाण्यांत दांडा धरणं सर्वत्र चालतं आणि तोल जाऊन पडण्यापेक्षा ते कधीही चांगलं. चूक होते ती धरण्याच्या पद्धतीत. दोन्ही हात मागे आवळून सगळं वजन दांड्यावर टाकलं की पायांतला दाब जातो, बाण लागत नाहीत आणि मनगटं दुखतात. एक हात, सैल पकड, कोपर थोडं वाकलेलं. वजन पायांवरच हवं. आणि पहिला महिना दांड्याशिवायच खेळा, म्हणजे मॅटवर कमावलेला तोल टिकतो.

वेळ चुकते कुठे

टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते दाखवतो, त्यात मिलिसेकंदांचा उशीर जमा होतो. ब्लूटूथ स्पीकर असेल तर आवाजाचा उशीर त्याहून मोठा. शरीर हे पचवतं आणि पाऊल लवकर टाकायला शिकतं. नीट ताळमेळ लावलेल्या मशीनवर तेच पाऊल घाईचं ठरतं. डान्स डान्स रिव्होल्यूशनच्या नव्या आवृत्त्यांमध्ये पाऊल लवकर पडलं की उशिरा, हे पडद्यावर दिसतं. गुणांकडे बघू नका, तो शब्द बघा. सलग ‘फास्ट’ येत असेल तर घरची सवय बोलतेय. घरी परतल्यावर टीव्हीचा गेम मोड चालू करा, वायरचे स्पीकर लावा आणि स्टेपमॅनियातला वेळेचा फरक नव्याने जुळवून घ्या. हे न करता पुन्हा घरी सराव केलात तर तीच चूक अजून घट्ट होईल.

परीक्षाही इथे कडक असते. स्टेपमॅनियाच्या मूळ सेटिंगमध्ये सर्वोत्तम शेऱ्यासाठी दोन्ही बाजूंना 22.5 मिलिसेकंदांची सूट मिळते आणि त्याखालच्या ‘परफेक्ट’ शेऱ्यासाठी 45. डान्स डान्स रिव्होल्यूशनमध्ये हे आकडे अंदाजे 16.7 आणि 33.3 आहेत. घरी ‘परफेक्ट’ मिळणारं पाऊल इथे ‘ग्रेट’ ठरलं तर खचून जाऊ नका, पाऊल तेच आहे.

गेम झोनचा गोंगाट हा वेगळाच त्रास. शेजारी बास्केटबॉलचं मशीन, पलीकडे वाढदिवसाची पार्टी, गाणं ऐकूच येत नाही. ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना हे लवकर जमतं, कारण पन्नास ढोलांच्या गजरात ताशावर कान ठेवायची त्यांना सवय असते. बाकीच्यांनी ठोका ठळक असलेली गाणी निवडावीत, स्पीकरच्या जवळची बाजू घ्यावी आणि शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी जावं.

बाणांचा वेग आणि पातळीचे आकडे

स्टेपमॅनियात अनेक जण बाणांचा पडद्यावर सरकण्याचा वेग कायम एकच ठेवतात, गाणं कुठलंही असो. मशीनवर बहुधा पटीत निवडावं लागतं. हिशेब सोपा आहे: गाण्याचे मिनिटाला ठोके गुणिले पट. घरी तुम्हाला 450 चा वेग सोयीचा असेल तर 150 ठोक्यांच्या गाण्याला 3 पट, 180 ला 2.5, 225 ला 2. मी हे चिठ्ठीवर लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलं होतं. पंपच्या नव्या आवृत्त्यांमध्ये हवा तो अंतिम वेग थेट ठरवता येतो.

गाणं किती अवघड हे सांगणाऱ्या पातळीच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. डान्स डान्स रिव्होल्यूशनची जुनी मोजणी साधारण दहापर्यंत होती, 2008 च्या ‘एक्स’ या आवृत्तीपासून ती वीसची झाली, पंपची अजून वेगळी. घरच्या फाइलवरचा 9 आणि मशीनवरचा 9 यांचा काही संबंध नाही. दोन-तीन पायऱ्या खालून सुरुवात करा. घरी आपण गाण्यांमध्ये पाणी पितो, पंख्याखाली बसतो, इथे गाणी पाठोपाठ येतात, त्यामुळे सर्वांत अवघड गाणं शेवटी ठेवा.

बाण लागत नाही: दोष कुणाचा?

हे शोधायची माझी पद्धत सांगते. एकच बाण वारंवार चुकत असेल तर पुढचं गाणं संथ घ्या आणि तोच बाण मुद्दाम वेगवेगळ्या कडेवर घ्या: आतली, बाहेरची, वरची, खालची. एका कडेवर लागतो आणि दुसरीवर नाही, तर त्या कडेचा सेन्सर गेलाय. उरलेली गाणी चालणाऱ्या कडेवर खेळून घ्या. कुठेच लागत नसेल तर पॅनेल दाबलेल्या अवस्थेत अडकलेलं असू शकतं, बहुधा फटीत काहीतरी गेलेलं असतं. चारही कडांवर लागतो आणि वेगवान गाण्यातच चुकतो, तर तो आपला दाब किंवा आपला पाय. तेव्हा वर सांगितलेल्या दाबाच्या सरावाकडे वळा.

पॅनेलवर उड्या मारून ते ‘सुरू’ करायला जाऊ नका. त्याने उरलेले सेन्सरही जातात आणि दुरुस्ती होईपर्यंत मशीन बंद राहतं. काउंटरवरच्या माणसाला ‘मशीन खराब आहे’ एवढंच सांगितलं तर तो मशीन बंद करून पुन्हा चालू करतो आणि जातो. त्याला सोबत आणा, पायाने दाखवा आणि नेमकं सांगा: ‘दादा, दुसऱ्या खेळाडूच्या बाजूचा खालचा उजवा बाण, त्याची बाहेरची कड दाबली जात नाहीये.’ मी असं सांगितलेलं एक पॅनेल पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा दुरुस्त झालेलं होतं.