बसल्यावर काही ठरवायचं नाही: ख्रिस्ती मौनप्रार्थना रोजच्या घरात

मौनप्रार्थना म्हणजे एक छोटा शब्द किंवा वचन मनात घोळवत देवापुढे गप्प बसणं. तिला बसलेल्या माणसाचा वेळ विचारांपेक्षा निर्णय जास्त खातात. आज कोणता उतारा घ्यावा, कालचा शब्द बरा होता की हा, दहा मिनिटं झाली असतील का, पंखा कमी करावा का, पाय बदलावा का. विचार येतो आणि जातो, त्याने फारसं बिघडत नाही. निर्णय मात्र माणसाला कामाला लावतो. म्हणून या प्रार्थनेची निम्मी मेहनत बसण्याआधीची आहे. जागा, वेळ, शब्द, मिनिटं हे सगळं आधी ठरवून टाका. बसल्यावर काहीही ठरवायचं नाही.

ही प्रार्थना मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), रविवारची उपासना, रोझरी (माळेवरची प्रार्थना) किंवा घरची सायंप्रार्थना यांच्या जागी येत नाही, त्यांच्या शेजारी बसते. आजाऱ्यांसाठी, परीक्षेसाठी, नोकरीसाठी मागायचं ते तिथे मागाच. इथे मागणं बाजूला ठेवून देवापुढे नुसतं हजर राहायचं आहे.

‘हे आपल्यातलं की योगातलं?’ असा प्रश्न घरातलं कोणीतरी विचारतंच. उत्तर जवळ असू द्या. एकच छोटं वचन मनात घोळवत राहण्याची रीत इजिप्तच्या वाळवंटातल्या ख्रिस्ती साधूंची. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅशियनने त्यांची संभाषणं लिहून ठेवली, त्यात ती स्पष्ट सांगितली आहे. व्हॅटिकननेही १९८९ साली ख्रिस्ती ध्यानावर एक पत्र काढलं. इतर परंपरांतलं जे उपयोगी आहे ते सरसकट टाकू नका, पण शरीराला मिळणाऱ्या शांततेला पवित्र आत्म्याचा अनुभव समजू नका, असा त्याचा सूर आहे. दुसरी सूचना प्रॉटेस्टंट वाचकांनाही तितकीच लागू.

जागा, बैठक, घड्याळ

वेगळी खोली नसली तरी चालते, कोपरा ठरलेला हवा. वन-रूम-किचनमध्येसुद्धा भिंतीकडे तोंड करून एक खुर्ची मावते. रोज तीच जागा, तीच दिशा. समोर क्रूस किंवा मेणबत्ती हवी असेल तर जमिनीवर, साधारण दीड मीटरवर ठेवा. नजर आपोआप खाली राहते आणि मान अवघडत नाही.

घरोघरी असलेली प्लास्टिकची खुर्ची बघा: तिची बैठक मागे उतरती असते. मागे टेकून बसलं की कंबर गोल होते, हनुवटी छातीकडे येते आणि दहाव्या मिनिटाला डुलकी लागते. त्या खुर्चीत पुढच्या अर्ध्या भागावर बसा. तळवे जमिनीला टेकायला हवेत. उंची कमी असेल तर पायाखाली पाट घ्या. जमिनीवर बसणाऱ्यांनी नितंबांखाली चार बोटं जाडीची सतरंजीची घडी घ्यावी, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात. ते वर राहिले तर पाठ ताणते आणि पायाला मुंग्या लवकर येतात. मुंग्या आल्याच तर शांतपणे पाय सोडा. सहन करणं हा इथे गुण धरला जात नाही.

वेळ सकाळची, आणि घरातल्या पहिल्या कामाच्या आधीची. नळाला साडेसहाला पाणी येत असेल तर सहाला बसा, सव्वासहाला नको, कारण शेवटची पाच मिनिटं कान बादलीकडे लागलेले असतात. दुसरी बैठक संध्याकाळी, जेवणाआधी. भरल्या पोटी बसलात तर जे होतं ती झोप. तिला प्रार्थना म्हणायचा मोह टाळा.

फोन एअरप्लेन मोडवर, टायमर लावून, पालथा आणि हाताच्या अंतराबाहेर. हाताशी असला की एकदा तरी उलटा करून बघितला जातोच. टायमरचा सूर सकाळच्या गजराचा नको, अंग दचकतं. घड्याळाची ओढ वाटली तर खट्टू होऊ नका: स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेजाने आत्मचरित्रात कबूल केलं आहे की काही वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी वाजतो याकडे असायचं.

सुरुवात दहा मिनिटांनी करा. दोन आठवडे बहुतेक दिवस जमलं की पंधरा, मग वीस. वीसच्या पुढे जायची घाई नको. पहिल्याच आठवड्यात अर्धा तास बसणारे तिसऱ्या आठवड्यात सहसा बसत नाहीत.

शब्द

एक शब्द किंवा एक छोटं वाक्य लागतं. लांबलचक नको. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची ‘येशूची प्रार्थना’ पूर्ण म्हणायची तर ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ अशी होते. ती मराठीत एका श्वासात नीट मावत नाही आणि शेवटाला धाप लागते. तिचे दोन तुकडे करा: श्वास आत येताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता’, बाहेर जाताना ‘दया कर’. एवढं पुरतं.

‘मारानाथा’ हा येशूच्या काळच्या अरामी भाषेतला शब्द बायबलमध्ये, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी येतो. अर्थ ‘प्रभू, ये’, आणि तो दुसऱ्या तऱ्हेने तोडला तर ‘प्रभू आला आहे’. बेनेडिक्टाइन साधू जॉन मेन (१९२६–१९८२) यांनी तो शिकवला: मा-रा-ना-था, चारही अक्षरं सारख्या लांबीची. मराठी माणसाची गडबड ‘नाथा’पाशी होते. तिथे जोर पडतो, ओळखीचा अर्थ लागतो आणि मन अभंगाकडे वळतं. चारही अक्षरं सपाट म्हणा.

‘अब्बा’ (अरामीत ‘बाप’) मराठी कानाला ‘आबा’च ऐकू येतो. कोणाला त्यामुळे तो जवळचा वाटतो. कोणाला दोन मिनिटांत आजोबांची काठी आणि चष्मा दिसायला लागतो. तसं होत असेल तर दुसरा घ्या. नुसतं ‘येशू’ही चालतं. शब्द आपल्या घरच्या बोलीतला असला तर उत्तम. वसईत सामवेदीत किंवा वाडवळीत बोलणाऱ्याने, कोकणीत रडणाऱ्याने प्रार्थनेपुरती पुस्तकी मराठी आणायची गरज नाही. एकदा निवडला की निदान दोन महिने बदलायचा नाही, कंटाळा आला तरी.

तो कसा वापरायचा याच्या दोन रीती आहेत. जॉन मेन यांच्या पद्धतीत शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड चालतो. अमेरिकेत १९७०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या मठात थॉमस कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेल्या पद्धतीत तो फक्त विचारात गुंतलो हे कळल्यावर हलकेच आठवायचा, मन निवलं की सोडून द्यायचा. दोन्ही चांगल्या, पण एकाच बैठकीत दोन्ही नकोत, नाहीतर ‘आता म्हणू की नको’ हा नवा निर्णय दर मिनिटाला समोर उभा राहतो. ज्यांचं मन फार धावतं त्यांनी पहिली घ्यावी.

बैठक

बसा. क्रुसाची खूण करत असाल तर करा. ‘हे देवा, माझ्या मदतीला ये’ असं एकदाच, ओठ हलवून म्हणा. बायबलमधल्या सत्तराव्या स्तोत्राची ही सुरुवात; कॅशियनच्या साधूंचं वचन तेच होतं. मग मिनिटभर शरीराकडे लक्ष. लोणावळ्याच्या ‘साधना’ संस्थेचे फादर अँथनी डिमेलो इथूनच सुरुवात करून देत: खांद्यावर कपड्याचा स्पर्श, पाठीला खुर्ची, मांडीवर हात. काही बदलायचं नाही, फक्त जाणवू द्यायचं.

आता शब्द. जीभ स्थिर, ओठ मिटलेले, आतल्या आत. वेग चालत्या पावलाचा. साधारण सहा-सात वेळा झाला की मन निसटतं: गॅसचा नंबर लावायचा राहिला. निसटलंय हे कळतं तेव्हा बहुधा मिनिट-दोन मिनिटं गेलेली असतात. इथे लोक दुसरी चूक करतात, स्वतःवर चिडतात, आणि ती चीड पहिल्या विचारापेक्षा जास्त वेळ घेते. कळलं की थेट शब्दावर या. गॅसचं वाक्यही पूर्ण करू नका. वीस मिनिटांत असं पन्नास वेळा झालं तर पन्नास वेळा परत आलात. बैठकीत करायचं काम तेच होतं.

श्वास आपला आपण चालू द्या. शब्द श्वासावर बसला तर ठीक, नाही बसला तर ओढून बसवू नका. मुद्दाम लांब श्वास घेतला की गरगरतं, छाती आवळल्यासारखी वाटते. पूर्वेकडच्या चर्चच्या जुन्या गुरूंनीही श्वासाच्या युक्त्या मार्गदर्शकाशिवाय करू नका असं बजावलं आहे.

मध्येच फार कामाची कल्पना सुचेल, रखडलेल्या हिशेबाचं उत्तर मिळेल. त्याच्यासाठी शेजारी वही-पेन ठेवू नका. ठेवलंत तर मन रोज काहीतरी सुचवत राहील. वही बसण्याआधी वापरा: डोक्यातली कामं दोन मिनिटांत कागदावर उतरवून कागद दुसऱ्या खोलीत ठेवा.

टायमर वाजला की लगेच उठू नका. दोन मिनिटं डोळे किलकिले ठेवून प्रभूची प्रार्थना (‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) सावकाश म्हणा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा एखादा अभंग पाठ असेल तर तोही इथेच. मधल्या वीस मिनिटांत मात्र नको, चाल डोक्यात बसली की शब्द टिकत नाही.

पहिले काही आठवडे गोड वाटण्याचा संभव आहे. मग कोरडं जातं. शब्द लाकडासारखा लागतो. याला वैतागून लोक पद्धत बदलतात, नवं पुस्तक आणतात. बदलू नका. आधी झोप किती होते ते बघा. पाच तासांवर कोणाचीही प्रार्थना कोरडीच होणार. ‘नीट चाललंय का’ हे बैठकीतल्या भावनेवरून मोजायचं नसतं. रिक्षावाल्याशी, सुनेशी, हाताखालच्या माणसाशी बोलताना आवाज कसा लागतो हे महिन्याभराने घरच्यांना विचारा.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. गप्प बसल्यावर जुनं दुःख वर येतं, कधी रडू येतं. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण भीती वाढत गेली, अंग थरथरलं, आवाज ऐकू आले, तर डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, एखादं स्तोत्र मोठ्याने वाचा आणि त्या दिवशी थांबा. पुन्हा झालं तर अनुभवी फादर, सिस्टर किंवा पाळक यांच्याशी बोला, आणि डॉक्टरांशीही. नुकतंच घरात कोणी गेलेलं असेल किंवा नैराश्याचे उपचार चालू असतील तर पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, तोंडी प्रार्थनेवर भर द्या. प्रार्थना सुरू केली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

वचनासोबत बसणं

आठवड्यातून दोनदा संध्याकाळची बैठक बायबलच्या उताऱ्यावर करा. बाराव्या शतकात कार्थुसियन साधू दुसरा गिगो याने याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी नुसतं देवापुढे असणं. उतारा लहान हवा. मार्क १०:४६–५२, आंधळा बार्तीमय, फक्त सात वचनं. पहिल्यांदा पुटपुटत वाचा. दुसऱ्यांदा हळू, जिथे मन अडेल तिथे थांबा. अडण्याजोगं पुष्कळ आहे: लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावतात, तो पांघरूण टाकून उठतो, म्हणजे जवळची एकुलती चीजवस्तू टाकून, आणि तो आंधळा आहे हे दिसत असूनही येशू त्याला, तुला काय हवं, असं विचारतो. एक जागा धरा, बाकीच्या सोडा. तिच्यावरून सुचेल ते देवाशी दोन-तीन वाक्यांत बोला, मग पुस्तक मिटून दहा मिनिटं गप्प. टीकाग्रंथ उघडायचा मोह झाला तर तो वेगळा अभ्यास, वेगळ्या वेळी.

दिवसभरात

पॅरिसच्या कार्मेलाइट मठातले ब्रदर लॉरेन्स सतराव्या शतकात स्वयंपाकघरात राबत आणि तिथेच देवाशी बोलत. घरात हे कुठे बसतं ते आधीच हेरून ठेवा. कुकर लावल्यापासून पहिली शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी उभं राहायचं, हातात काही न घेता, सकाळचाच शब्द घेऊन. चर्चची प्रार्थनेची घंटा ऐकू येत असेल तर ती सकाळ, दुपार, संध्याकाळ तिन्ही वेळा आयतीच मिळते.

लोकलमध्ये विरार ते चर्चगेट पूर्ण वेळ जमवू नका, जमत नाही. एक टप्पा धरा. नायगाव सुटल्यावर गाडी खाडीवरच्या पुलावर येते, भाईंदर येईपर्यंत मध्ये स्टेशन नाही. तेवढीच मिनिटं: इअरफोन काढून, नजर पाण्यावर, एक हात कडीला. भाईंदरला गर्दी आत घुसली की संपलं. उतरणाऱ्याला वाट द्या.

रात्री, अंथरुणावर पडण्याआधी, दहा मिनिटं दिवसाची उजळणी. येशूसंघाचा (जेसुइटांचा) संस्थापक इग्नेशियस लोयोला याची रीत अशी: आधी आभार, मग दिवस नीट दिसावा म्हणून प्रकाश मागणं, मग सकाळपासून तासातासाने मागे बघणं, क्षमा मागणं, आणि उद्यासाठी एक सुधारणा. एकच. ‘उद्यापासून रागावणार नाही’ हे निरुपयोगी. ‘उद्या मुलाला उठवताना एकदाच हाक मारीन’ हे चालतं. हुकलेली बैठक इथे भरून काढू नका, दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटंही बसू नका.

ठरवाठरवी करायची ती याच वेळी: खुणेची फीत उद्याच्या वचनांवर, टायमर वीसवर, खुर्ची भिंतीकडे तोंड करून.