सिबिल रिपोर्टमध्ये ‘रिटन-ऑफ’ दिसतंय? या चुका टाळा

सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणारी आणि त्यावरून स्कोअर, म्हणजे पतीचे गुण, देणारी कंपनी. तिच्या रिपोर्टमध्ये ‘रिटन-ऑफ’ म्हणजे बँकेने कर्ज राइट-ऑफ केलंय. बँकेने कर्ज राइट-ऑफ केलं म्हणजे आपण सुटलो, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. पुढे वसुलीची आशा उरली नाही की बँक ते आपल्या ताळेबंदातून बाजूला काढते. हा झाला बँकेचा हिशेब. तुमचं देणं तसंच राहतं, वसुलीचे फोन येत राहतात आणि बँक ते कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकूही शकते.

दुसरी चूक तडजोडीत होते. वसुली एजंट म्हणतो, ‘एवढे भरा, विषय संपवू’ आणि माणूस पैसे पाठवून मोकळा होतो. दीड लाखाच्या थकबाकीवर साठ हजार घेऊन प्रकरण मिटलं, तर रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ लागतं. पुढचा कर्ज देणारा त्यातून एवढंच वाचतो: नव्वद हजार बुडवले. ऐपत असेल तर पूर्ण रक्कम भरून खातं बंद करा. नसेल तर तडजोड जरूर करा, पण आधी बँकेचं लेखी पत्र घ्या. रक्कम किती, मुदत कोणती आणि नंतर रिपोर्टमध्ये काय नोंद जाणार, हे तिन्ही त्यात हवं. पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटच्या खात्यात कधीच नाही. शेवटी नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला, हातात घ्या.

पैसे भरूनही नोंद तशीच असेल, तर ‘माझा स्कोअर वाढवा’ अशी तक्रार करून काही होत नाही. नेमकी ओळ दाखवा: कोणती बँक, कोणतं खातं, कोणता रकाना. चालू बाकी शून्य झाली, पण राइट-ऑफ रकमेचा रकाना तसाच राहिला, असं होतं. विकलेलं कर्ज कधी बँक आणि ते विकत घेणारी कंपनी अशा दोघांच्या नावावर थकीत दिसतं. तक्रार करताना ‘हे खातं माझं नाही’ हा पर्याय निवडण्याआधी आपण कुणाला जामीन राहिलो होतो का, हे आठवा. जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही ते कर्ज दिसतं.

सिबिल स्वतःहून आकडा बदलत नाही. ती बँकेला विचारते. बँकेने ‘आमची नोंद बरोबर आहे’ असं कळवलं की डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवरची आपली हरकत, बंद. म्हणून सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाकतानाच बँकेच्या तक्रार कक्षालाही ईमेल करा. सोबत नो ड्यूज, पावत्या, खातेउतारा आणि रिपोर्टचं ते पान जोडा. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

निकाल लागायला ३० दिवसांची मुदत आहे, त्यातले २१ बँकेचे. मुदत उलटली तर २६ एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. त्यासाठी तक्रारीत आपलं बँक खातं किंवा यूपीआय आयडी अचूक द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर जा. आधी बँकेकडे किंवा सिबिलकडे लेखी तक्रार न करता थेट तिकडे गेलात, तर अर्ज परत येतो.

आणि फक्त सिबिल पाहून थांबू नका. एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क याही अशाच नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या आहेत. चौघींकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर घसरत नाही. ‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवा. डिस्प्यूटला शुल्क नाही आणि खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

दुरुस्ती झाल्याचा ईमेल आला तरी महिन्याभराने पुन्हा रिपोर्ट काढा. बँकेच्या प्रणालीत जुनाच आकडा राहिला असेल, तर बँक सिबिलला पाठवते त्या पुढच्या फाइलबरोबर चुकीची नोंद परत येते. मग जुना तक्रार क्रमांक देऊन बँकेलाच पुन्हा गाठा.