उन्हाला भिऊन लस बर्फात मारू नका: लसीकरणाच्या दिवशीच्या या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात गेला की कोल्ड चेन (लस शेवटपर्यंत थंड ठेवायची साखळी) सांभाळणारा माणूस घाबरतो, आणि घाबरला की आयएलआरचा (लसीच्या खास फ्रीजचा) थर्मोस्टॅट अजून थंडकडे फिरवतो. सिस्टर पण तेच करतात, डीप फ्रीझरमधून काढलेले दगडासारखे आईस पॅक तसेच कॅरियरमध्ये (लस न्यायच्या डब्यात) कोंबायचे, झाकण दाबायचं आणि निघायचं. हेतू चांगलाच असतो हो, पण पाड्यावर पोचेपर्यंत आत पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) गोठलेली असते.

आपल्या आरोग्य खात्यातल्या बऱ्याच चुका आळसाने नाही, भीतीने होतात असं माझं मत आहे. उन्हाची भीती, साहेबांची भीती, लस वाया गेली तर कोण काय बोलेल याची भीती. ट्रेनिंगला नियम शिकवतात, भीतीबद्दल कोणी बोलत नाही.

जास्त थंड म्हणजे जास्त सेफ, हा गैरसमज

लस पाहिजे २ ते ८ डिग्रीत. पोलिओच्या थेंबांना गोठल्याने काही होत नाही, उलट ते वरच्या स्टोअरला उणे तापमानातच ठेवतात. पण पेंटा, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस बी, पीसीव्ही यांच्यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो, गोठलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि लसीची ताकद जाते, मग ती वितळवून टोचली तरी उपयोग शून्य. मला वाटतं १९९५ पासून पल्स पोलिओने आपल्या सगळ्यांच्या हाताला 'बर्फ घाल, अजून बर्फ घाल' ही सवय लावली, देशातला पोलिओ गेला पण ती सवय काही गेली नाही.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे व्हीव्हीएम, बाटलीवरची रंग बदलणारी खूण. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला की आपण खूश. पण व्हीव्हीएम फक्त उष्णता सांगतो. रात्रभर गोठून सकाळी वितळलेल्या बाटलीवर पण चौकोन मस्त पांढराच दिसणार, आणि तीच बाटली आपण विश्वासाने टोचणार.

म्हणून आईस पॅक बाहेर काढून टेबलावर मांडून ठेवा, अंगावर पाण्याचे थेंब जमू द्या, मग एकेक उचलून कानाशी हलवा, आत पाणी वाजलं की तो तयार. घड्याळ लावून बसू नका, कारण चोपड्याला मे महिन्यात जे चटकन होतं त्याला तोरणमाळला डिसेंबरात बराच वेळ लागतो. मग चार पॅक चार बाजूंनी, बाटल्या झिपच्या पिशवीत मधोमध. आयएलआरमध्ये पण या लसी तळाला टेकवू नका, बास्केटमध्येच ठेवा, तळाशी जास्त गार असतं.

शंका आली तर शेक टेस्ट. त्याच कंपनीची त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवा, वितळू द्या, मग ती आणि संशयाची बाटली दोन्ही हलवून शेजारी शेजारी ठेवा आणि अर्धा तास बघा. संशयाच्या बाटलीचा गाळ गोठवलेलीइतकाच किंवा अजून पटकन बसला तर ती बाद. डोळ्यासमोर बर्फ झालेली दिसली तर टेस्ट कशाला, सरळ बाजूला काढा. बाद माल आयएलआरमध्ये परत ठेवू नका, सुट्टीवरून आलेली दुसरी सिस्टर तो उचलेल.

लॉग बुकात ४, ४, ४, ४

कुठल्याही केंद्राचं लॉग बुक उघडा, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात महिनाभर चार डिग्री लिहिलेलं सापडेल, रविवारी पण चार, वादळात रात्रभर लाईट गेली त्या दिवशी पण चार. का, तर एक किंवा दहा लिहिलं की नोटीस. आता साहेब लोकांना हात जोडून सांगणं आहे, भेटीला आल्यावर पहिला प्रश्न 'कोणाची चूक' हा नको, 'लाईट किती वेळ नव्हती' हा विचारा, मग बघा आकडे खरे यायला लागतात की नाही. आणि लिहिणाऱ्यांनी सकाळ-संध्याकाळ काटा बघूनच लिहायचं, थर्मामीटर लसींच्या मधे ठेवायचा.

लाईट गेली की झाकण उघडून 'गार आहे का' बघत बसू नका. बंद आयएलआर बराच वेळ थंडी धरून ठेवतो. तापमान ८ कडे सरकायला लागलं तर तयार आईस पॅक लावलेल्या कोल्ड बॉक्समध्ये माल हलवा आणि एमओंना (मेडिकल ऑफिसरना) कळवा. कोणत्या केंद्रात हलवायचा हे आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा.

एका बाळासाठी बाटली कशी फोडू?

फोडा. बीसीजी (क्षयाची), एमआरची (गोवर-रुबेलाची) बाटली एका बाळासाठी पण फोडायची असाच नियम आहे, पण एका बाटलीत बऱ्याच बाळांचे डोस असतात, म्हणून वेस्टेजच्या भीतीने आईला 'पुढच्या महिन्यात ये' सांगतात आणि ती तीन डोंगर उतरून परत येत नाही. याच्या उलट चूक म्हणजे उरलेली दुपारनंतर वापरणं. या पावडरीच्या लसी, कालवल्यापासून चार तास, त्यापुढे फेकायची, म्हणून कालवल्याबरोबर बाटलीवर वेळ लिहा.

कालवायला त्याच लसीसोबत आलेलं डायल्यूएंटच (पावडर विरघळवायचा द्रव), दुसरं काही नाही. २०१८ च्या जुलैमध्ये सामोआ देशात दोन नर्सनी एमएमआरच्या (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीच्या) पावडरीत डायल्यूएंटऐवजी भूल देताना वापरायचं औषध कालवलं, दोन बाळं गेली. लसीकरण कित्येक महिने थांबलं, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ ला गोवर आला तेव्हा त्या एवढ्याशा देशात ८३ जण मेले, बहुतेक पाच वर्षांच्या आतले. म्हणून लसीच्या आयएलआरमध्ये ऑक्सिटोसिन, सापाच्या विषावरचं इंजेक्शन, इन्सुलिन असलं काही नको, आणि डबा-ताकाची बाटली तर नाहीच नाही.

मान हलवली म्हणजे कळलं नाही

आदिवासी भागात ३००० लोकसंख्येला एक उपकेंद्र हा कागदावरचा हिशोब, पण शेजारचं पद रिक्त असलं की त्याचा पण चार्ज त्याच सिस्टरकडे. मग घाईघाईत चार गोष्टी मराठीत सांगून टाकतात, समोरची आई पावरी (सातपुड्यातली आदिवासी बोली) बोलणारी, ती नुसती मान हलवते. रात्री बाळ तापतं, आणि पुढच्या महिन्यात अख्ख्या पाड्याची दारं बंद. ताप येईल, पॅरासिटामॉल कसं द्यायचं, हे आशाताईला तिच्या बोलीत सांगू द्या, आणि मग आईलाच विचारा, 'ताप आला तर काय करशील?' टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं आहेच, तेव्हाच हे होऊन जातं.

लसीकरणाच्या सेशनची तारीख बाजाराच्या दिवशी ठेवू नका, पाडा रिकामा असतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघालेल्यांच्या हातात कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या आणि सांगा की पुढचा डोस तिकडच्या सरकारी दवाखान्यात पण मिळतो. ही माणसं होळीला गावी येतातच, म्हणून ड्यू लिस्ट (कोणाचा कोणता डोस बाकी त्याची यादी) त्याच्या आधी करा, लस जास्तीची मागवा आणि सेशन होळीच्या आसपासच घ्या, नंतर परत पांगतात.