लहान गावांची तुलना कशी करावी? राहायला जाण्याआधीचा अभ्यास

लहान गावात राहायला जायचं ठरलं की दोन-तीन नावं मनात घोळायला लागतात. एका गावाची नदी आवडलेली असते, दुसऱ्यात ऐसपैस घर मिळत असतं, तिसऱ्यात ओळखीचं कुणीतरी असतं. आता नदी आणि ओळख एकमेकींशी तोलायची कशी? तुलना करायची तर सगळ्या गावांना माप एकच हवं. मी वापरते ते माप असं: या गावात माझा सगळ्यात वाईट दिवस कसा जाईल? सुट्टीच्या दिवशी, छान हवेत कुठलंही गाव गोडच वाटतं. त्यातून काहीच कळत नाही.

पायरी १: आधी स्वतःचा आठवडा लिहून काढा

वही घ्या आणि गेल्या सात दिवसांत घराबाहेर कशाकशासाठी पडलात ते लिहा. भाजी, शाळा, बँक, मैत्रिणीकडे, वाचनालय, काहीही. त्याखाली गेल्या वर्षातले वाईट दिवस लिहा: रात्री चढलेला ताप, फुटलेला पाइप, बंद पडलेली गाडी, अचानक करावा लागलेला प्रवास. ही दुसरी यादी लहान असते, पण खरी कामाला येते तीच. दोन्ही याद्या तयार झाल्या की स्वतःच्या वयात दहा वर्षं मिळवून त्या पुन्हा वाचा. आज गाडी चालवता म्हणून सोपं वाटणारं गाव, गाडी चालवणं सुटलं की कसं वाटेल?

पायरी २: अंतर मिनिटांत मोजा

किलोमीटर फसवतात. सरळ रस्त्यावरचे चाळीस किलोमीटर आणि डोंगरातल्या वळणांचे चाळीस किलोमीटर यांत दुपटीचा फरक पडू शकतो, आणि अंधारात किंवा धुक्यात त्याहून जास्त. म्हणून प्रत्येक गावापुढे मिनिटं लिहा, तीही रात्रीची.

सगळ्यात जास्त वेळ दवाखान्याच्या रकान्यावर घालवा. ‘इथे रुग्णालय आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे, कारण पाटी सगळीकडे असते. रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही हे स्कॅन करून पाहावं लागतं. तेव्हा विचारायचं ते असं: रात्री दोन वाजता सीटी स्कॅन करून मिळेल आणि हे औषध देता येईल, असं जवळचं ठिकाण किती मिनिटांवर आहे? घरात बाळंतपण अपेक्षित असेल, डायलिसिस किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर त्या सोयीसाठीही असंच नेमकं विचारा.

रुग्णवाहिकेचा हिशोब करताना तिची यायची वेळ बहुतेक जण विसरतात. ती दुसऱ्या गावात उभी असेल, तर आधी तिथून येणार आणि मग रुग्णाला घेऊन जाणार. दोन्ही फेऱ्या धरा. हृदय अचानक बंद पडलं आणि छाती दाबायला कुणी नसेल, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. वीस मिनिटांवरची रुग्णवाहिका तिथे एकटी पुरी पडत नाही. म्हणून गावात हृदयाला शॉक देणारं यंत्र आहे का, ते रात्री हाताशी येतं का आणि छाती दाबण्याचं प्रशिक्षण किती जणांनी घेतलं आहे, हे जरूर विचारा. थोड्या लांबच्या गावात या प्रश्नाची उत्तरं ठाम मिळाली, तर जवळच्या पण बेफिकीर गावापेक्षा मी ते लांबचं गाव वर ठेवीन.

पायरी ३: दुकानं मोजू नका, ती का टिकतात ते पाहा

भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या वसाहतींच्या अभ्यासातून एक साधी गोष्ट मांडली: प्रत्येक सेवेला तग धरायला ठरावीक गिऱ्हाईक लागतं आणि त्या सेवेसाठी माणूस ठरावीक अंतरापर्यंतच जातो. किराणा दुकानाला थोडी घरं पुरतात, दातांच्या डॉक्टरला बरीच लागतात. त्यामुळे लोकसंख्या सारखी असली तरी दोन गावं सारखी नसतात. मोठ्या शहराच्या कुशीतलं गाव ओस बाजाराचं असू शकतं, कारण सगळे खरेदीला शहरात जातात. उलट चहूबाजूंनी लहान वस्त्या असलेलं दूरचं गाव भरलेलं असतं, कारण त्या वस्त्या त्याच्यावर अवलंबून असतात.

मग पाहा, महत्त्वाची सेवा एकच आहे की दोन. एका गावी मी संध्याकाळी औषधं घ्यायला गेले. गावातल्या एकुलत्या एका औषध दुकानाचं शटर खाली होतं आणि त्यावर चिकटवलेल्या वहीच्या पानावर लिहिलं होतं: ‘बाहेरगावी, सोमवारी उघडेल.’ तो दिवस गुरुवार होता. तेव्हापासून माझ्या तक्त्यात ‘आहे’ असं मी लिहीत नाही. ‘एक’ किंवा ‘दोन’ लिहिते.

पायरी ४: पाणी आणि जमीन

पाणी स्वच्छ दिसतं म्हणून स्वच्छ नसतं. फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक या तिन्हींना पाण्यात ना रंग असतो ना वास. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा एका लिटरमध्ये फ्लोराइडसाठी १.५ मिलिग्रॅम, नायट्रेटसाठी ५० मिलिग्रॅम आणि आर्सेनिकसाठी ०.०१ मिलिग्रॅम अशा आहेत. नळाचं पाणी असेल तर तपासणीचा अहवाल मागा. स्वतःची विहीर किंवा बोअर असेल तर पैसे खर्चून प्रयोगशाळेत तपासून घ्या. बाटलीने दूध पिणारं बाळ घरात असेल तर नायट्रेटची तपासणी अजिबात टाळू नका.

पुराचं गणित बहुतेकांना चकवतं. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता. त्याच घरात तीस वर्षं राहिलात तर तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, म्हणजे चारातून एकदा. जुन्या भिंतींवरची पाण्याची रेघ आणि वयस्कर शेजाऱ्यांची आठवण, दोन्ही विचारात घ्या.

पायरी ५: गाव कशावर जगतं?

सगळं गाव एकाच कारखान्यावर, एकाच खाणीवर किंवा एकाच पर्यटन हंगामावर जगत असेल तर तो धोका तुमच्याही अंगावर येतो. तो उद्योग बंद पडला की आधी नोकऱ्या जातात, मग तरुण जातात, मग शाळेचे वर्ग गळतात, आणि शेवटी तुमचं घर घ्यायला कुणी उरत नाही. शाळेत जाऊन पहिलीत किती मुलं आहेत आणि शेवटच्या वर्गात किती, एवढंच विचारा. मोठ्या वर्गांत चाळीस आणि पहिलीत नऊ असतील, तर पुढच्या दहा वर्षांचा अंदाज तिथेच मिळतो.

इंटरनेटचं थोडक्यात: ज्या खोलीत बसून काम करणार त्याच खोलीत, रात्री नऊला, डाउनलोड आणि अपलोड दोन्ही तपासा. व्हिडिओ कॉलला अपलोडचा वेग लागतो.

पायरी ६: वाईट हंगामात, कामाच्या दिवशी जाऊन राहा

प्रत्येक गावात निदान चार-पाच दिवस काढा, आणि ते तिथल्या सगळ्यात अवघड हंगामात. जिथे पाणी आटतं तिथे ते आटल्यावर, जिथे रस्ते बंद होतात तिथे ते बंद होतात तेव्हा. त्यातला एक दिवस गाडीची किल्ली घरात ठेवून फक्त पायी आणि बसने काढा. शेवटची बस किती वाजता आहे आणि ती चुकली तर काय, हे त्याच दिवशी नीट कळतं. पहाटे आणि रात्री खिडकी उघडून बसा: पशुपालनाचा किंवा कारखान्याचा वास वाऱ्याबरोबर फिरतो, दुपारी नसलेला वास पहाटे घरभर असू शकतो.

पायरी ७: योग्य माणसांना, योग्य प्रश्न

‘गाव कसं आहे?’ असं विचारलं तर ‘छान आहे’ हेच ऐकू येणार. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या वेळी घरात कुणी आजारी पडलं तेव्हा तुम्ही कुणाला हाक मारली?’ उत्तर पटकन आलं तर त्या गावात माणसं एकमेकांना धरून आहेत. तीन ते पाच वर्षांपूर्वी राहायला आलेल्यांकडे हा प्रश्न आवर्जून न्या. तिथेच जन्मलेल्यांचा गोतावळा तुम्हाला आयता मिळणार नाही. तुमच्यासारखं कुटुंब गावात आणखी आहे का, हेही पाहा. एकट्या बाईला, वेगळी भाषा बोलणाऱ्याला, लहान मुलं असलेल्यांना एकच गाव वेगवेगळं भेटतं.

पायरी ८: बेरीज करू नका

आता तक्ता मांडा आणि प्रत्येक गोष्टीला गुण द्या, पण त्या गुणांची बेरीज टाळा. बेरजेत सुंदर डोंगराचे दहा गुण दवाखान्याचा शून्य झाकून टाकतात. आधी प्रत्येक गावाचा सगळ्यात कमी गुण पाहा. तुमच्या वाईट दिवसांच्या यादीतल्या एखाद्या गोष्टीला तो लागू पडत असेल तर ते गाव तिथेच खोडा. उरलेल्यांत मात्र मनाची आवड खुशाल चालू द्या. नदी आवडली असेल तर तिला मान आहे.

जे गाव वर येईल तिथे घर विकत घेण्याआधी एक वर्ष भाड्याने राहा, म्हणजे सगळे हंगाम एकदा अंगावरून जातील. आणि जमलं तर ते गाव सोडून गेलेल्या एखाद्या कुटुंबाला आधीच फोन करा. का सोडलं, हे विचारा, आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या.