घरातील दीर्घसेवा पदके कशी ओळखावीत, मागवावीत आणि जपावीत

गोव्यातील सत्तरी, पेडणे किंवा मुरगाव भागात निवृत्त सैनिकाच्या ट्रंकेत पदके सापडली की घरचे प्रथम ती घासायला घेतात. तसे करू नये. आधी डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारी सेवेची नोंदवही, शोधावे, कारण मिळालेल्या पदकांची नोंद त्यात असते आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला लागणारा सेवा क्रमांकही तिथेच सापडतो.

त्यानंतर सेवेची वर्षे मोजावीत. लष्कर, नौदल व वायुदल यांत 9, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेसाठी वेगवेगळी पदके आहेत. पहिली दोन 1971 साली सुरू झाली, तिसरे 1980 साली. नवे पदक मिळाले म्हणून जुने परत करायचे नसते, त्यामुळे 24 वर्षे सेवा केलेल्याकडे दोन पदके असायला हवीत, तर 15 वर्षांनी निवृत्त झालेल्या नौदलाच्या खलाशाकडे एकच. मेरिटोरियस सर्व्हिस मेडल आणि लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडल ही वेगळी पदके आहेत. त्यांसाठी नुसती वर्षे पुरत नाहीत, वर्तणूकही पाहिली जाते. गोव्यात आणखी एक घोटाळा हमखास होतो: फितीवर ‘गोवा 1961’ ही धातूची पट्टी असलेले जनरल सर्व्हिस मेडल मुक्तिसंग्रामातील कारवाईचे आहे, दीर्घसेवेचे नव्हे.

घरात मुलाने वा मुलीने एनसीसीत घालवलेली वर्षे या हिशेबात धरू नयेत. कॅडेटच्या वाट्याला ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ प्रमाणपत्रे येतात.

आता पदकाचा काठ उजेडात तिरका धरून भिंगाने पाहावा. सेवा क्रमांक आणि नाव बहुधा तिथे बारीक अक्षरांत ठोकलेले असते. एकाच पेटीत आजोबांची आणि काकांची पदके मिसळली असतील, तर त्यांची वाटणी या काठावरूनच होते.

नोंद आहे पण पदक हाती आलेले नाही, असेही घडते. अशा वेळी सेवा क्रमांक, पलटण, भरती व निवृत्तीच्या तारखा लिहून, डिस्चार्ज बुकाच्या संबंधित पानांच्या प्रती जोडून रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, अर्ज करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कार्यालय बेळगावात आहे, खलाशांच्या नोंदी मुंबईत, तर वायुसैनिकांच्या दिल्लीत. पदक हरवले असल्यास पोलिसांतील तक्रारीची प्रतही सोबत द्यावी. अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवून पोचपावती सांभाळावी, कारण उत्तराला वेळ लागतो आणि पाठपुरावा केल्याशिवाय फाइल हलत नाही.

पदके छातीच्या डाव्या बाजूला लावतात. दीर्घसेवा पदके रांगेच्या शेवटाकडे येतात, त्यांतही आधी 30, मग 20, शेवटी 9 वर्षांचे. दिवंगत लष्करी सैनिकाच्या निकटच्या वारसाला युद्धस्मारकावरील मानवंदनेसारख्या प्रसंगी ती उजव्या बाजूला लावता येतात.

राहिली जपणूक. चिंच, राख किंवा पितळ घासायची पावडर वापरल्यास चकाकी येते, पण काठावरची अक्षरे झिजतात, म्हणून मऊ सुती फडक्याने कोरडे पुसणे पुरे. गोव्याच्या पावसाळ्यात धातूपेक्षा फितीला धोका अधिक असतो, कारण बुरशी प्रथम तिलाच लागते. डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी, ती दर मोसमात बदलावी आणि फीत उन्हात वाळवू नये, कारण उन्हाने रंग उडतो. फीत फारच कुजली असेल, तर त्याच पदकाची नवी फीत सैनिकी साहित्याच्या दुकानातून आणावी. जुनी मात्र पाकिटात घालून डिस्चार्ज बुकासोबत ठेवावी.