प्रचारात कुणी घाण केली तर त्याला कायद्यात अडकवायचं कसं

मतदानाला दोन दिवस उरले की उमेदवाराच्या चारित्र्यावर निनावी पत्रक येतंच, आणि आपण काय करतो तर फोटो काढून चार ग्रुपवर टाकतो, म्हणजे समोरच्याचं काम फुकटात करतो. तसं करू नका. पत्रक उलटसुलट करून तळाची बारीक ओळ बघा. छापणारा आणि प्रकाशक, दोघांचं नाव-पत्ता तिथे पाहिजेच (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७क). नसेल तर सहा महिने कैद किंवा २००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंड किरकोळ आहे पण असो, कैदेची भीती असते. पत्रक जपून ठेवा, कुठे, कधी, कुणाकडून मिळालं ते मागे लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल तर मूळ मेसेज डिलीट करू नका, नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि ज्या फोनवर आलं तो फोनही सांभाळा, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तो कुठल्या फोनमधून घेतला याचं सर्टिफिकेट लागतं.

पाकिटं वाटत असतील आणि निवडणूक लोकसभा-विधानसभेची असेल तर जागेवरूनच निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या अ‍ॅपमधून फोटो-व्हिडिओ काढा. गॅलरीतला जुना फोटो तिथे चालत नाही. नाव न देताही तक्रार होते आणि १०० मिनिटांत निकाली काढायचं बंधन आहे. महापालिका-झेडपी राज्य निवडणूक आयोगाकडे असते, तिथे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. पैसे वाटणं भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा, आणि घेणाराही त्यात येतो बरं का. गुन्हा अदखलपात्र आहे म्हणून पोलीस एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) लिहून घरी पाठवतील, तेव्हा मॅजिस्ट्रेटकडून तपासाचा आदेश आणावा लागतो. कटकट आहे, पण लाचेत दोषी ठरला आणि नुसता दंड झाला तरी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही, पुढाऱ्याला झोंबतं ते हे.

निवडून आलेल्या आमदार-खासदाराची खुर्चीच काढायची तर हायकोर्टात निवडणूक याचिका. मतदारसंघातला कुठलाही मतदार करू शकतो, निकालापासून ४५ दिवसांत, सेहेचाळिसावा दिवस माफ नाही. खोटी बदनामी, लाच, धर्माच्या नावावर मतं मागणं हे सगळं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरण. कार्यकर्त्याने केलं असेल तर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक एजंटची संमती दाखवावी लागते, बऱ्याच याचिका तिथेच आपटतात. आणि वेळ लागतो. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत शिवसेनेचे रमेश प्रभू निवडून आले, धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून हायकोर्टाने १९८९ मध्ये निवडणूक रद्द केली, सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब १९९५ मध्ये, तोवर ती विधानसभाही संपली होती. पण प्रभूंच्या प्रचारात केलेल्या भाषणांमुळे बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला, तो आदेश निघाला १९९९ मध्ये. म्हणून वकील निकालाच्या आठवड्यातच गाठा, याचिकेसोबत प्रत्येक आरोपाचं प्रतिज्ञापत्र आणि २००० रुपये अनामत लागते.